‘राहून गेलं’ याचं इंग्रजी

इंग्रजीत काही शब्द असे आहेत, की ते कागदावर उतरवताना आपला मराठी माणूस खुर्चीत जरा ताठ बसतो. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ हा त्यांतलाच एक. नुसता उच्चारला तरी चाळीचा जिना चढून आल्यासारखे वाटते. हा शब्द एकदा अर्जात बसवला, की अर्जाला वजन आले, साहेब तो बाजूला सारण्यापूर्वी दोनदा विचार करील, अशी आपली भाबडी समजूत असते. माझा अनुभव असा, की साहेब एकदाच विचार करतो, आणि तो अर्जदाराच्या विरुद्ध असतो.

हा अनुभव मला कुठून आला, असे तुम्ही विचाराल. माझी सारी नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत, पत्रव्यवहाराच्या टेबलावर झाली. दिवसभर साहेबाच्या वतीने इंग्रजी लिहायचे आणि संध्याकाळी चर्नी रोडला उतरून चाळीत पाऊल टाकले, की शेजाऱ्यांच्या वतीने लिहायचे. गॅलरीत कोणी ना कोणी कागद घेऊन उभे असेच. घरमालकाला पत्र, शाळेला रजेचा अर्ज, विमा कंपनीला स्मरणपत्र, कुणाच्या भाच्यासाठी नोकरीचा अर्ज. फी अशी काही नव्हती. कधी चकल्या येत, कधी आंबोळ्या, कधी नुसतेच ‘देव तुमचं भलं करो’. पण या उद्योगापायी गिरगाव ते लालबाग या टापूतले इंग्रजी मी इतक्या जवळून पाहिले, की एखाद्या परीक्षकानेही पाहिले नसेल. त्यात सर्वांत जास्त वेळा चुकलेला शब्द कोणता, असे विचारलेत तर मी ‘रिसीव्ह’ म्हणेन. तो चुकला तरी बिघडत नाही. मनिऑर्डर यायची ती येतेच. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ मात्र चुकला, की कुणाचे तरी नुकसान होते.

आमच्या पिढीला हा शब्द भेटला तो फळ्यावर. गिरगावातल्या आमच्या शाळेत दर सोमवारी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इंग्रजी सुविचार लिहीत, आणि वर्षातून एकदा तरी चालढकलीचा नंबर लागे. एडवर्ड यंग नावाच्या इंग्रज कवीने १७४२ साली ‘नाइट थॉट्स’ हे दीर्घ काव्य छापायला सुरुवात केली. त्यातल्या हजारो ओळी आता कोणी उघडून पाहत नाही. पण एक ओळ मात्र दोन-अडीचशे वर्षे शाळाशाळांच्या फळ्यांवर बिऱ्हाड करून राहिली. मास्तर आम्हांला ती पंचवीस वेळा लिहायला लावीत. पंचवीस वेळा लिहून झाल्यावर आम्हांला एवढेच उमजे, की हे काहीतरी चोरीचे प्रकरण आहे आणि चोर अजून सापडलेला नाही.

स्पेलिंगची तर निराळीच तऱ्हा. अक्षरे पंधरा. त्यांत ‘आर’ दोनदा, आणि दुसरा ‘आर’ बाकाबाकावर गळून पडलेला असे. मास्तर त्या जागेवर तांबडी शाई ठेवीत आणि म्हणत, “अरे, क्रास म्हणजे लॅटिनमध्ये उद्या. हा आर गाळलास, की तुझा उद्याच नाहीसा झाला!” प्रो म्हणजे पुढे, क्रास्टिनस म्हणजे उद्याचा. आजचे काम उद्याकडे ढकलायचे, असा हा सोळाव्या शतकात इंग्रजीत येऊन बसलेला शब्द. आपल्या ‘चालढकली’तली ढकल त्यातही आहेच. मला याची मोठी मौज वाटते. रोम कुठे, गिरगावची फणसवाडी कुठे. पण कामाला पुढे ढकलायचा हात दोन्हीकडे सारखाच.

स्पेलिंग एकदा जमले, की पोरे शब्द वापरू लागत आणि खरी गंमत तिथून सुरू होई. आमच्या हाती रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण असे. त्यांतला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला गृहस्थ. पुढे १९२४ साली त्याने ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातल्या परदेशी पलटणीची कादंबरी लिहिली आणि जगभर नाव कमावले. आम्ही मात्र त्याला व्याकरणवालाच म्हणून ओळखले. त्या पुस्तकाने आम्हांला कर्तरीचे कर्मणी करण्याची अशी काही चटक लावली, की समोर क्रियापद दिसले की आम्ही ते उलटे करीत असू. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ मात्र उलटे व्हायला तयार नसते. आजच्या इंग्रजीत ते अकर्मक आहे. माणूस एखाद्या कामाबाबत प्रोक्रॅस्टिनेट करतो. त्या कामाला कोणी प्रोक्रॅस्टिनेट करीत नाही. पण हे ऐकतो कोण? आमच्या चाळीच्या कमिटीच्या चिटणिसांनी एकदा जिन्याखालच्या फळ्यावर इंग्रजीत सूचना लावली होती, की जोराच्या पावसामुळे वार्षिक सभा ‘हॅज बीन प्रोक्रॅस्टिनेटेड’. पावसाने सभा बुडवली हे खरे. पण पावसाला काही सभेचा कंटाळा आलेला नव्हता! सभा ‘पोस्टपोन’ होते, खटला ‘अ‍ॅडजर्न’ होतो, पैसे भरणे ‘डिफर’ होते, गाडी ‘डिले’ होते. दादरच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, की माझी गाडी दादरला प्रोक्रॅस्टिनेट झाली. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभे राहून पाहिले, तर कधी कधी तसा संशय येतोही. तरी परीक्षक मार्क देणार नाही.

कारण या शब्दाला माणूस लागतो. नुसता माणूस असूनही भागत नाही. काम त्याच्यावर सोपवलेले हवे, ते आज करणे त्याच्या हातात हवे, आणि उद्यावर टाकले तर आपलेच वाईट होणार हे त्याला पुरते ठाऊक हवे. एवढे सगळे असून जो उठत नाही, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे. कोर्टात पुढची तारीख मागणारा वकील प्रोक्रॅस्टिनेट करीत नाही. तो मोठ्या तत्परतेने, काळा कोट सावरीत, वेळेवर हजर राहून तारीख मागतो. उशीर करणे हेच त्याचे त्या दिवशीचे काम असते. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणारा वाणीही नव्हे; त्याचा उद्या त्याच्या गल्ल्याच्या फायद्यासाठीच असतो. चाळीतला आकाशकंदील वसुबारसेच्या रात्री दोन वाजता, खळ वाळत नाही म्हणून पंख्याखाली धरून पुरा होतो, तेही प्रोक्रॅस्टिनेशन नव्हे. त्या जागरणासाठीच तर कंदील करायचा असतो! दिवाळी अंकाला उशिरा लेख पाठवणारे लेखक मात्र या शब्दाचे हक्कदार. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून या विषयातला मोठा अभ्यास संपादकांच्या टेबलांवर साठला असला पाहिजे. (प्रस्तुत लेख वेळेवर पोचला आहे. संपादकांना विचारून पाहावे.)

मराठीत या शब्दाच्या घरी माणसे फार. ‘विलंब’ हा सोवळ्यातला. तो कुणालाच दोष देत नाही, म्हणून रेल्वेच्या घोषणेत तोच बरा दिसतो. ‘खोळंबा’ आपण करीत नाही, आपला होतो. ‘तहकुबी’ सभेपुरती. ‘दिरंगाई’ फारसीतून आलेली. तिला फाईल लागते, शिपाई लागतो, आणि फाईल त्याच्याकडून वेळेत हलली नाही तर ती खुलते. ‘टाळाटाळ’ ही दुसऱ्याने मागितलेले न देण्यासाठी. ‘भिजत घोंगडे’ तर मला फारच आवडते, कारण त्यात शास्त्र आहे: घोंगडे जितका वेळ पाण्यात ठेवाल तितके ते जड होते, आणि जितके जड होते तितके बाहेर काढायचे जिवावर येते. प्रोक्रॅस्टिनेशनची सख्खी बहीण म्हणायची ती ‘चालढकल’च.

पण नामे राहू द्या. आपण रोज, उठता-बसता वापरतो ते यांपैकी एकही नव्हे. आपण म्हणतो, ‘राहून गेलं’. ‘पत्र लिहायचं राहून गेलं.’ ‘मामांकडे जायचं राहून गेलं.’ या वाक्यात कर्ता शोधून दाखवा. पत्रच जणू गर्दीत मागे राहिले आणि त्याची गाडी चुकली! इतकी शहाणी रचना मी दुसऱ्या भाषेत पाहिली नाही. फोर्टातले इंग्रजी हीच युक्ती दुसऱ्या मार्गाने करते. ‘द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन’ — कोणाच्या विचाराधीन? ‘इट इज रिग्रेटेड’ — खेद कोणाला झाला? मी अशी वाक्ये आयुष्यभर टाइप केली आहेत आणि त्यांत खेद झालेला माणूस मला एकदाही भेटला नाही. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ची अडचण हीच, की त्याला असे लपता येत नाही. तो लिहिला की पाठोपाठ ‘माय’ किंवा ‘युअर’ यावेच लागते. म्हणून जाणती कचेरी तो स्वतःबद्दल कधी लिहीत नाही. आणि अजाण अर्जदार नेमका तो स्वतःबद्दल लिहून बसतो.

लालबागच्या मावशीच्या अर्जात मी तो पाहिला, ते साल १९८४.

मावशी म्हणजे माझ्या आईची मानलेली बहीण. भारतमाता सिनेमाच्या जवळच्या एका चाळीत तिची दहा बाय बाराची खोली. तिचे यजमान गिरणीत कताई खात्यात होते. १९८१ च्या श्रावणात ते अचानक गेले. पदरात तीन मुले, गावी कणकवलीकडे अंथरुणाला खिळलेले सासरे. मुलांना घेऊन ती गावी गेली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगावच्या भोंग्यांचे काय झाले, ते या शहरातल्या घराघराला माहीत आहे. १९८४ च्या जूनमध्ये मुलांच्या शाळेसाठी मावशी परत आली, तेव्हा काही गिरण्या थोड्याफार चालू झाल्या होत्या. शेजारच्या कुणीतरी तिला सांगितले, की यजमानांची ग्रॅच्युइटी अजून मिळालेली नाही, अर्ज कर.

अर्ज लिहिला तिच्या पुतण्याने. तो त्या वेळी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. पोरगा मायाळू. काकूचा अर्ज म्हणून त्याने स्वच्छ अक्षरात, मार्जिन सोडून, दोन वेळा लिहून काढला. आणि पहिल्याच परिच्छेदात घातले, ‘काइंडली एक्स्क्यूज माय प्रोक्रॅस्टिनेशन ऑफ थ्री इयर्स’.

पंधरा दिवसांत टाइप केलेले उत्तर आले. चार ओळी. अर्ज मुदतीनंतर आला असून, झालेली दिरंगाई अर्जदाराने स्वतःच कबूल केली आहे. सबब तो विचारात घेता येत नाही. ज्याने ते लिहिले तो कारकून माझ्याच जातीचा, टेबलावर मुरलेला असणार. त्याने काहीसुद्धा खोटे लिहिलेले नव्हते. अर्जात सही मावशीची होती, आणि त्या सहीच्या वर तिने लिहून दिले होते, की माझ्या हातात होते, मला कळत होते, आणि तरीही मी तीन वर्षे केले नाही.

दोन्ही कागद घेऊन काकू-पुतण्या गिरगावात आले. पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “काका, ‘डिले’ फार साधा वाटला. दोन-तीन वर्षांचा उशीर, म्हणून मोठा शब्द घातला.” त्याला रागावून काय उपयोग? शब्दाच्या लांबीवरून उशिराची लांबी दाखवावी, ही कल्पना खरे तर वाईट नाही. मी मावशीकडे वळलो.

“मावशी, या तीन वर्षांत तू काय केलंस, ते मला नीट सांग.”

“काय करणार? राहून गेलं रे,” ती म्हणाली. आणि आमटीत मीठ घालायचे विसरल्यावर बायका बघतात तशी ती जमिनीकडे बघू लागली.

माझी बायको आतून चहा घेऊन आली, तिने मावशीला जवळ बसवले आणि मग गोष्टी एकेक करून निघू लागल्या. गिरणीच्या टाइम ऑफिसातून गावी एक पोस्टकार्ड आले होते. कधी? दत्तजयंतीच्या सुमाराला. म्हणजे डिसेंबर १९८१. त्यात लिहिले होते, की वारसाने मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समक्ष हजर राहावे. ते कार्ड आहे का? आहे, ट्रंकेत. मग तू आलीस का? आले ना. सासऱ्यांना जावेच्या हवाली करून जानेवारीत ती एस.टी.ने मुंबईला आली. परळच्या वॉर्ड ऑफिसातून दाखला काढायला पाचसहा दिवस गेले. दाखला हातात पडला आणि तिसऱ्या दिवशी संप सुरू झाला. दुसऱ्या वेळी ती गणपतीनंतर आली. दारावरच्या पहारेकऱ्याने आत सोडले नाही. तिसऱ्या वेळी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. त्या वेळी पहारेकरीही नव्हता, नुसते कुलूप. या तिन्ही खेपांची एस.टी.ची तिकिटे त्याच ट्रंकेत, पोस्टकार्डाला दोऱ्याने बांधून ठेवलेली निघाली. ती तिने का जपून ठेवली होती कोण जाणे. पैसे गेल्याची खूण म्हणून असेल.

तीन वेळा कोकणातून येऊन गिरणीच्या दारात उभी राहिलेली बाई म्हणते, राहून गेलं! कुलूप गिरणीला, आणि चालढकल मावशीची! मी आजवर समजत होतो, की हे दोन शब्द माणूस आपला आळस झाकायला वापरतो. आपली धडपड झाकायलाही ते वापरता येतात, हे मला त्या संध्याकाळी कळले. तिच्या पिढीच्या बायकांची बोलण्याची रीतच तशी होती. केलेले सांगायचे नाही. जे हाती आले नाही, तेवढे आपल्या नावावर लावून घ्यायचे.

रात्री मी पत्र लिहायला बसलो. कायद्याची बाजू अवघड नव्हती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालच्या नियमांत तेव्हा असे होते, की वारस म्हणून नाव लावलेल्या माणसाने साधारणपणे तीस दिवसांत अर्ज करावा. पण उशिराला पुरेसे कारण असेल तर नंतर आलेला अर्जही घ्यावा लागे, आणि केवळ मुदत टळली म्हणून हक्क बुडत नसे. सगळा भार ‘पुरेसे कारण’ या दोन शब्दांवर. कोर्टाच्या कामातही तीच रीत आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम त्यासाठीच आहे, आणि वकील मंडळी त्याला विलंब माफी म्हणतात. बघा, माफी विलंबाला असते. विलंबाला कारण असू शकते: आजारपण, पूर, संप, कुलूप. प्रोक्रॅस्टिनेशनला कारण नसते, हाच तर त्याचा अर्थ. त्याला माफी देणारे कलम माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून मी ‘डिले’ लिहिले, तेही एकदाच. विशेषण एकही नाही, विनवणी नाही, ‘पुअर विडो’ नाही. नुसत्या तारखा. अमुक तारखेचे आपल्याच कचेरीचे कार्ड. अमुक तारखेचा दाखला. अमुक तारखेचे एस.टी.चे तिकीट. त्या दिवशी दार बंद होते. शेवटी एवढेच, की अर्जदार प्रत्येक वेळी हजर होती. ‘अर्जदार’ हा कर्ता मी प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ठेवला आणि साऱ्या क्रिया कर्तरी. आयुष्यभर कर्मणी लिहिणाऱ्या माणसाला ते जरा जडच गेले.

दुसऱ्या दिवशी सहीसाठी लालबागला गेलो, तेव्हा सही घेण्यापूर्वी सारे पत्र मावशीला मराठीत वाचून दाखवले. ती डोक्यावरचा पदर धरून ऐकत होती. संपल्यावर काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं सगळं मी केलं होय?”

अडीच महिन्यांनी चेक आला. आकडा आज सांगितला तर तुम्ही हसाल. खोलीचे थकलेले भाडे त्यात फिटले आणि थोरल्याला आय.टी.आय.त घालता आले. पुतण्या पेढे घेऊन आला. त्याच्या मनाला तो शब्द लागून राहिला होता, हे दिसत होते. मी त्याला म्हटले, की तुला मोठा शब्दच हवा असेल तर आपल्याकडे ‘दीर्घसूत्री’ आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तो अगदी शेवटी येतो. त्याच श्लोकात आळशी निराळा सांगितला आहे, विषादी निराळा आणि दीर्घसूत्री निराळा. ज्याने हे तीन वेगळे ठेवले त्याने माणसे पाहिलेली होती. दीर्घसूत्री माणूस आळशी नसतो. घरमालकाला पत्र लिहायचे असले, की तो कपाट आवरतो, पेन्सिलींना टोके करतो, शाई भरतो, टिपकागद बदलतो. घामाघूम होतो बिचारा. महाभारतात शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. तळे आटवणारे कोळी येण्याआधी निघून जाणारा एक, जाळ्यात सापडल्यावर युक्तीने सुटणारा दुसरा, आणि मरणारा तिसरा. या तिसऱ्याचे नाव तिथे दीर्घसूत्र आहे. पंचतंत्रात हीच गोष्ट येते, पण तिथे मरणारा यद्भविष्य होतो, म्हणजे जे व्हायचे ते होईल म्हणणारा. मला हा बदल पटत नाही. ‘होईल ते होईल’ म्हणणारा निदान शांतपणे मरतो. दीर्घसूत्राला मात्र शेवटपर्यंत वाटत असते, की आता निघायलाच हवे.

पुतण्याला हे सारे कितपत रुचले कोण जाणे. त्याने फक्त शब्दाची फोड विचारली. दीर्घ म्हणजे लांब, सूत्र म्हणजे धागा, मी म्हटले. धागा लांबवीत बसणारा. तो हसला. “काका, आमच्या काकांच्या खात्यात लांब, न तुटलेलं सूत निघालं, की जॉबर पाठीवर थाप मारायचा.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गिरणगावात बसून त्या संस्कृत पंडिताचा उपमेचा हिशेब उलटाच निघतो. काका वीस वर्षे धागे जोडीत होते. त्यांना दीर्घसूत्री म्हणणे म्हणजे शिवी की बढती, ते त्या जॉबरलाच विचारायला हवे होते. आता बहुतेक गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत.

मधे बराच काळ गेला. माझे टाइपरायटिंग सुटले, चाळीतल्या गॅलरीत कागद घेऊन कोणी उभे राहीनासे झाले. पत्रे आता फोनवरच तयार होतात आणि स्पेलिंगही फोनच दुरुस्त करतो. दुसरा ‘आर’ आता कुणाचाच गळत नाही. मास्तर असते तर त्यांना तांबडी शाई कुठे ठेवावी असा प्रश्न पडला असता.

परवा दादरला मुलीकडे गेलो होतो. माझी नात कॉलेजात शिकते. ती पलंगावर पालथी पडून फोनवर काहीतरी बघत होती. टेबलावर पुस्तके उघडी. मी विचारले, “काय ग, अभ्यास चाललाय?”

“नाही हो आजोबा, प्रोक्रॅस्टिनेट करतेय,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतका बिनचूक उपयोग मी साऱ्या नोकरीत ऐकला नव्हता. कर्ता जागेवर, प्रयोग कर्तरी, क्रियापद अकर्मक, काम तिचे, वेळ तिच्या हातात, आणि उद्या पस्तावणार हे तिला ठाऊक. फळ्यावर पंचवीस वेळा लिहून आम्हांला जे आले नाही, ते या पोरीला पलंगावर लोळता लोळता आले होते! शिवाय तिच्या स्वरात लाजेचा मागमूस नव्हता. आमच्या वेळी हा दुर्गुण होता. आता ते हवामानासारखे सांगायचे एक वर्तमान झाले आहे.

थोड्या वेळाने ती उठून माझ्याजवळ आली. प्रकल्पाचा निबंध देण्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती आणि बाईंना ई-मेल लिहायची होती. “आजोबा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, एकदा बघा ना.” मी चष्मा लावला. मजकूर गुळगुळीत होता, स्पेलिंग बिनचूक. पहिलेच वाक्य होते, ‘ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस’.

“कुठली ग ही टाळता न येण्यासारखी परिस्थिती?” मी विचारले.

“अहो, असंच लिहितात,” ती म्हणाली.

मी तिला मावशीच्या तिकिटांची गोष्ट सांगायला तोंड उघडले होते, तोवर तिने बोट टेकवून पत्र रवाना केले. बाईंचे उत्तर आमचा चहा संपायच्या आत आले. त्यांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती.